सतरा नंबरचे जोड

निरीक्षक झाल्यावर आपल्या पदरात काय काय पडणार, याची बेरीज व्यंकटनं कधीच करून ठेवली होती, आणि ती कुणाला दाखवण्यासारखी नव्हती म्हणूनच पक्की होती. पाठ टेकता येईल अशी खुर्ची. पिवळ्याऐवजी पांढरं हेल्मेट. दुपारचा डबा पत्र्याच्या शेडमागं उकिडवं बसून न उघडता पंख्याच्या खोलीत उघडणं. उन्हाळ्यात अंगाला जिवंत जनावरासारखा चिकटणारा कातड्याचा एप्रन खिळ्याला टांगून विसरून जाणं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापुढं पेन न अडखळणं. आणि सगळ्यात शेवटी, खरं तर सगळ्यात आधी, जे त्यानं बायकोला, रेणुकालाही सांगितलं नव्हतं ते हे: दुसऱ्यानं केलेल्या जोडावर आपण टॉर्च धरायचा, मान तिरकी करायची, काही न बोलता पुढं सरकायचं, आणि तो दुसरा मागं हात बांधून आपल्या तोंडाकडं बघत उभा असायचा. चौदा वर्षं व्यंकट तसा उभा राहिला होता. माणसाला खुर्ची पाहिजे असते हे खरं, पण त्याहून जास्त पाहिजे असतं ते आपल्यापुढं कुणीतरी उभं असणं. मिळकतीच्या बाजूला एवढं सगळं. दुसऱ्या बाजूला त्यानं दोनच गोष्टी धरल्या होत्या, शनिवार आणि झोप. आणि या दोन्ही आपल्याच आहेत, त्यांत दुसऱ्या कुणाचा हिस्सा नाही, असं तो धरून चालला होता.

हुमनाबादच्या बाहेर जी औद्योगिक वसाहत आहे तिथल्या एका कारखान्यात तो वेल्डर होता. साखर कारखान्यांच्या बॉयलरला लागणाऱ्या वाफेच्या नळ्या तिथं जोडल्या जात. रोज सकाळी चिटगुप्प्याहून बसनं यायचं, आठ तास आगीपुढं बसायचं, संध्याकाळी परत. दीड वर्षापूर्वी कलबुर्गीला वेल्डिंग निरीक्षकाचा वर्ग निघाला, दर शनिवारी चार ते आठ, नोकरी करणाऱ्यांसाठीच. आता नोकरी करणाऱ्यांसाठीचा वर्ग शनिवारी चारला कसा काय असतो हे ज्यानं ठरवलं त्यानं कधी पाच वाजेपर्यंत नोकरी केली नसणार. चारला कलबुर्गीत पोचायचं तर दोनला मशीन बंद करायला पाहिजे. ते दोन ते पाचचे तीन तास कुठून आणायचे हा प्रश्न व्यंकटला पडला आणि तो दुसऱ्यांनीच सोडवला. क्वालिटी बघणारे श्रीनाथ साहेब म्हणाले, ‘जा तू, हजेरीचं मी बघतो.’ आणि हरिबा उस्ताद म्हणाले, ‘तुझे राहिलेले जोड मी वढतो की. पंच तेवढा ठेवून जा.’

पंच म्हणजे पोलादाचा बोटभर ठसा. प्रत्येक वेल्डरचा नंबर वेगळा. जोड पूर्ण झाला की त्याच्या शेजारी हातोडीनं तो नंबर उमटवायचा, म्हणजे उद्या काही निघालं तर कुणाचं ते कळावं. व्यंकटचा सतरा. हरिबांचा चार. तर दीड वर्ष दर शनिवारी दुपारी दोनला व्यंकट आपला सतरा हरिबांच्या तळहातावर ठेवी आणि बसस्टँडकडं पळे. उस्तादच्या हातात आपला नंबर देताना त्याला बरंही वाटे. जोड त्याच्या नावावर चढत, गिनती पूर्ण होई, आणि ते हरिबांच्या हातचे म्हणजे आपल्याहून सरसच असणार. यात त्याचा फायदाच होता.

त्या गुरुवारी श्रीनाथ साहेबांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. हे साहेब बसवकल्याणच्या रामाचार्य मास्तरांचे चिरंजीव. बापाकडून त्यांच्याकडं अक्षर आलं होतं आणि दुसऱ्याला पुढं आणल्याचं समाधान घ्यायची सवयही. ‘बा, कुंदर,’ ये, बस असं ते कन्नडमध्ये म्हणाले आणि खुर्ची पुढं सरकवली. पाठ टेकायची खुर्ची. व्यंकट तिच्या काठावर बसला. वर्गासाठी एक काम कारखान्यात बसून करून द्यायचं होतं: मागच्या सहा महिन्यांत जोडांचे जे एक्स-रे निघाले त्यांच्या फिल्म वेल्डरच्या नंबराप्रमाणं लावायच्या आणि कुणाचे किती नापास ते काढायचं. ‘तुझंच आधी काढ,’ साहेब हसत म्हणाले, ‘शिफारसपत्रात तो आकडा टाकावाच लागतो. शंभरात तीनच्या आत पाहिजे. तुझं काय, एखादा निघाला तर निघेल.’ आणि ते चहा सांगायला बाहेर गेले.

फिल्म प्रकाशाच्या पेटीवर ठेवली की जोड आतून दिसतो. बाहेरून जी ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी उमटलेली असते ती आत नुसती एक फिकट पट्टी असते, राखाडी नदीत पांढरट गाळ बसावा तशी. कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांची सावली: काम, जोड, तारीख, वेल्डर. सतरा नंबरच्या एकशे वीस फिल्म निघाल्या. व्यंकटनं पहिल्या दहा-बारा आनंदानं बघितल्या, आपलाच फोटो बघावा तशा. मग एकीत पट्टीच्या काठानं एक बारीक काळी रेघ दिसली. सरळ, शांत, कुणी पेन्सिलीनं ओढल्यासारखी. धातू धातूत विरघळलेला नाही, नुसता शेजारी जाऊन बसलाय. वर्गात हे चित्र त्यानं दहादा बघितलं होतं. तेव्हा ते कुणातरी नालायकाचं असायचं. त्यानं शिशाची अक्षरं परत वाचली. सतरा. पुढं आणखी एक. मग चार-पाच बुडबुडे अडकलेली एक, साबुदाणा सांडल्यासारखी. एकशे वीस संपल्या तेव्हा डाव्या हाताला नऊ फिल्म बाजूला पडल्या होत्या. आजवर हे त्याच्या कानावर आलं नव्हतं, कारण नापास जोडांची चिठ्ठी थेट दुरुस्तीवाल्या नागप्पाकडं जाई. त्या चिठ्ठीत जोडाचा नंबर असे, माणसाचा नसे, आणि नागप्पा घासून नवा जोड मारून मोकळा होई. मालाची घाई असली की माणसाचा नंबर कोण विचारतं. साहेब चहा घेऊन आले तेव्हा त्यानं त्या नऊ फिल्म बाकीच्यांत मिसळून टाकल्या, कामून ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि म्हणाला, ‘अजून व्हायलंय साहेब.’

चहा पिताना त्याच्या डोक्यात फिल्मच्या तारखा फिरत होत्या. नऊपैकी सहा तारखा शनिवारच्या. म्हणजे उलगडा झालाच. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकं वाटण्याची शरम वाटली, आणि मग शरमेच्या खालून एक तिसरंच काहीतरी वर आलं: उस्तादच्या हातून असा जोड? ज्या माणसानं त्याचं मनगट धरून त्याला शिकवलं होतं, ‘रॉडकडं कामून बघायलास, आवाज ऐक, तेलात भजं पडल्यागत आवाज आला पायजे, ते भजं जळायलंय का कच्चं हाय ते कानाला कळतंय’, त्या माणसाच्या हातून? पहिल्या वर्षी व्यंकटला आगीचा झटका बसला होता. काच न लावता बघितलं होतं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, आणि हरिबांनी आपल्या खोलीवर नेऊन कच्च्या बटाट्याच्या चकत्या त्याच्या पापण्यांवर ठेवल्या होत्या. त्या अंधारात बटाट्याचा मातकट थंडपणा आणि हरिबांची बडबड एवढंच जग होतं. ‘डोळे गेले तर वेल्डर गेला बघ, हात काय, हात कुत्र्यालाबी हायत.’ हे आठवल्यावर त्याला आणखी आठवत गेलं: अलीकडं हरिबा रॉड लावायच्या आधी बोटानं फट चाचपतात. चहाचा कप ठेवताना टेबलाचा काठ आधी हातानं शोधतात. दरवर्षी डोळ्यांची तपासणी होते खरी, पण ती पाटी नऊ वर्षं त्याच भिंतीवर आहे आणि तिच्यावरची कन्नड अक्षरं सगळ्या वर्कशॉपला पाठ आहेत. हे सगळं त्याला दिसत होतं. दिसत होतं आणि शनिवारी दोनला तो पंच त्यांच्या तळहातावर ठेवतच होता. हे बघितलं नव्हतं की बघायचं नव्हतं? त्याला नीट सांगता येईना. शनिवारी दोन वाजता माणसाला बस दिसते.

पण सहाच. राहिलेल्या तीन फिल्मवर मंगळवारच्या तारखा होत्या, आणि मंगळवारी व्यंकट दिवसभर कामावर असे. इथं त्याचं गणित अडकलं. मंगळवारी मोठ्या नळ्या लागत. मोठी नळी एकट्यानं होत नाही. दोघं समोरासमोर बसून अर्धा-अर्धा जोड मारत, तो आणि उस्ताद. कोण कुठल्या बाजूला बसणार ते उन्हावर ठरे. आणि शेवटी जो पंच हाताशी असेल तो ठोकला जाई, कधी चार, कधी सतरा. सगळ्या शॉपमध्ये हीच पद्धत होती, एका ताटात जेवल्यासारखी, आणि तिच्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. शुक्रवारी नळ्यांच्या ढिगात जाऊन त्यानं टॉर्च मारून सतरा नंबरचे जोड बघितले. त्याला वाटलं होतं हात ओळखू येईल. पण ओळ संपवताना रॉड किंचित मागं घेऊन वळवायची ही हरिबांची लकब, आणि ती त्यानं इतकी मन लावून उचलली होती की आता प्रत्येक ओळीच्या टोकाला तेच वळण होतं. शनिवारच्या जोडावर तेच, मंगळवारच्या जोडावर तेच. चौदा वर्षांपूर्वी हा सारखेपणा ही त्याची सगळ्यात मोठी कमाई होती. आता तो त्या ढिगापुढं उभा राहिला आणि आपलं कुठं संपतं आणि उस्तादचं कुठं सुरू होतं हे त्याला सापडेना. नळीवर हात फिरवला तर ती उन्हानं तापलेली, एवढंच कळलं.

रेणुकाला त्यानं घरी गेल्यावर आडून विचारलं. तिच्यापुढं आडून विचारण्यात काही अर्थ नसे, पण नवऱ्यांची ही सवय जात नाही.

‘मंगळवारी मी कसा असतो गं?’

‘कसा म्हंजे?’

‘म्हंजे कामाला जाताना. झोपेत असल्यागत असतो का?’

रेणुका भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. ‘मंगळवारी तुम्ही न्हाईच की घरी. पाटे तीनला उठून तुमचा त्यो गृहपाठ फोनवर पाठवायचा ऱ्हातोय. गेल्या महिन्यात दोन बार शर्ट उलटा घालून गेलाव. एकदा पोरीच्या डब्यात तुमची चटणी घातलाव, पोरगी रडत आली. आणि बोलायलाव तर मला उस्ताद म्हणायलाव.’

‘मी?’

‘व्हय तर काय मी? “उस्ताद, पाणी दे” म्हणले. मी दिलं. मला काय, मला बी बढती.’

तो हसला, पण आत कुठंतरी भजं करपल्याचा आवाज आला. म्हणजे मंगळवारी तोच झोपेत असणार. झोपेतला हातसुद्धा वळण बरोबर घेत असेल. वळण सवयीचं असतं, आतलं वितळणं सवयीनं होत नाही. की उलट? जागा माणूस चुकतो आणि झोपेतला हात चुकत नाही असंही त्यानं बघितलं होतं. त्यानं एखादा मंगळवार आठवून बघायचा प्रयत्न केला. समोर हरिबांचा काळा मुखवटा, मध्ये निळी आग, आणि आगीच्या पलीकडं कोण आहे, आपण की ते, असं कधीकधी वाटायचं ते आठवलं. बाकी मंगळवार निघून गेले होते. माणसाचे दिवस असे जातात याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं कधी; आज त्या तीन दिवसांसाठी साक्षीदार पाहिजे होता आणि साक्षीदार म्हणून तो स्वतःच हजर नव्हता.

भीती मात्र हळूहळू वेगळ्याच बाजूनं आली. एक्स-रे सगळ्या जोडांचा निघत नाही, दहातल्या एकाचा निघतो. ही गोष्ट त्याला चौदा वर्षं माहीत होती. वर्गात मास्तरांनी फळ्यावर लिहिल्यावर मात्र ती वेगळी दिसली होती. शनिवारच्या ज्या जोडांचे फोटो निघाले त्यांत सहा नापास. ज्यांचे निघालेच नाहीत त्यांत किती? काही नळ्या अजून आवारात पडल्या होत्या, काही एका साखर कारखान्यात पोचून बसल्या होत्या. गाळप बंद होतं म्हणून थंड होत्या. दिवाळीच्या आसपास त्यांत वाफ सोडणार. वाफेला कुणाचा नंबर सतरा आणि कुणाचा चार याच्याशी देणंघेणं नसतं. हे त्याच्या मनात आलं आणि त्याला कळलं की आपण निरीक्षकासारखा विचार करायला लागलोय. पांढरं हेल्मेट डोक्यावर यायच्या आधीच त्याचा भार आला होता.

त्या शनिवारी तो वर्गाला गेला नाही. पंच खिशात ठेवून पाचपर्यंत बसला. हरिबांनी दोनला हात पुढं केला होता, तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. ‘आज वर्ग न्हाई,’ व्यंकट म्हणाला. हरिबांनी हात एप्रनला पुसला.

रविवारी तो कमठाण्याला गेला. हरिबा आठवडाभर हुमनाबादला खोली करून राहत आणि रविवारी गावी येत. ओसरीवर हरिबा आणि त्यांची बायको सुशीलाबाई एका परातीला दोन बाजूंनी बसून तुरीची डाळ निवडत होते. अगदी मंगळवारच्या नळीसारखे. फरक एवढाच की हरिबांनी निवडून सरकवलेली डाळ सुशीलाबाई काही न बोलता परत आपल्याकडं ओढत आणि त्यातले खडे काढत.

‘ये बाबा व्यंकट,’ त्या म्हणाल्या. ‘बघ तुझ्या उस्तादचं काम. एका वंजळीत चार खडे.’

‘तुझा टाइम जावा म्हणून ठेवायलोय,’ हरिबा म्हणाले. ‘सगळे मीच काढले तर तू काय करशील बसून?’

‘दात पडतील तवा बघू कोण काय करायलंय.’

त्या चहा करायला आत गेल्या. व्यंकटनं फिल्मची गोष्ट सांगितली. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण ‘नऊ’ म्हणतोय, ‘तुमचे सहा’ म्हणत नाही. हरिबा डाळीत बोटं फिरवत राहिले.

‘शनिवारचे किती?’

‘सहा.’

‘ते माझे. फट दिसत न्हाई बाबा आता. कडेला पांढरं पांढरं दिसायलंय, धुक्यात बघितल्यागत. मी कानानं वढायलोय. आवाज बरोबर येतोय म्हणून वाटतंय झालं असंल.’ त्यांनी डाळ पुढं सरकवली. ‘आणि बाकीचे?’

‘मंगळवारचे तीन. मोठ्या नळ्यांचे.’

‘ते माझे न्हाईत.’

व्यंकट गप्प राहिला. हरिबांनी त्याच्या गप्प बसण्याकडं कान लावला, जसा ते आगीकडं लावत.

‘बरं, माझेच धर की,’ ते म्हणाले. ‘सहाला तीन जड न्हाईत. रिटायर व्हायला अठरा महिने राहिलेत मला. साहेबाला जाऊन सांग, उस्ताद आंधळा झालाय. तुझं कागद होऊन जाईल.’

‘धरायचं म्हंजे? हायत का न्हाईत?’

‘मला काय दिसतंय का? तू समोर बसलता. तूच सांग.’

‘मला आठवत न्हाई उस्ताद.’

‘मग दोघं बी आंधळे म्हणायचं,’ हरिबा म्हणाले आणि हसले, आणि व्यंकटला ते हसणं आवडलं नाही. ‘माझे न्हाईत’ हे खरं आणि ‘माझेच धर’ हा मोठेपणा? की ‘माझे न्हाईत’ हा रुबाब आणि ‘माझेच धर’ हीच कबुली, सरळ तोंडानं न निघणारी? सुशीलाबाईंनी चहा आणला. ‘डोळ्याचं दाखवा म्हणते दोन वरसं,’ त्या कपाकडं बघत म्हणाल्या, ‘बिदरला एवढा मोठा दवाखाना हाय. तर म्हणत्यात, डॉक्टरनं लिहून दिलं की कारखान्याला कळतंय. तूच सांग व्यंकट त्यास्नी.’ म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि प्रत्येकानं ते दुसऱ्याच्या परातीत सरकवलं होतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यानं मांडून बघितलं. खरं सांगितलं तर सहा उस्तादचे, तीन त्याचे धरले तरी शंभरात तीनच्या आत बसतात, शिफारस मिळते, खुर्ची मिळते. उस्ताद अठरा महिने आधी घरी. आपण दीड वर्ष नंबर उसना दिला हेही उघडं पडतं, पण शिकण्यासाठी दिला, एवढं कुणी मनावर घेणार नाही. नाही सांगितलं तर नऊही आपले, एक वर्ष मागं, आणि वेल्डर म्हणूनही परीक्षा परत. हा हिशोब त्याला लख्ख दिसत होता. घोटाळा पुढंच होता: खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सहा खरे होते. तीन खरे नव्हते, खोटेही नव्हते. आणि ज्याला आपलेच तीन ओळखता येत नाहीत त्यानं दुसऱ्याचे सहा कुठल्या तोंडानं दाखवायचे? की हीही आपली एक चलाखी, भित्रेपणाला दिलेलं बरं नाव? बस वळणावर हलली आणि त्याचं कपाळ काचेला लागलं. काचेत त्याचा चेहरा आतून काढलेल्या फोटोसारखा फिकट होता.

सोमवारी श्रीनाथ साहेबांसमोर त्यानं नऊ फिल्म एकेक करून ठेवल्या. साहेब तारखा वाचत गेले. तारखा वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला.

‘शनिवार. किती वाजताचे?’

‘जोडावर वेळ नसते साहेब.’

‘हजेरीप्रमाणं शनिवारी पाचपर्यंत तू इथं होतास.’

‘व्हय. सही तुमची हाय.’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणसं चष्मा पुसतात तेव्हा बहुधा बेरीज करत असतात. त्यांनाही यात काही मिळवायचं होतं: शॉपमधून वर काढलेला, आपल्या हाताखाली घडलेला, आपलं ऐकणारा एक निरीक्षक, आणि वरच्या साहेबांना दाखवायला त्याचं उदाहरण. वाईट काहीच नव्हतं त्यात. ‘हे बघ व्यंकट,’ ते शुद्ध मराठीत म्हणाले, घाबरले की ते शुद्ध बोलत, ‘मला काही विचारायचं नाही. जे लिहायचं ते कागदावर आधीच लिहिलेलं आहे. सतरा म्हणजे सतरा.’

‘व्हय,’ व्यंकट म्हणाला. ‘सतरा म्हंजे सतरा. सगळे माझे लिवा.’

‘शिफारस जाईल रे. निदान या वर्षी.’

‘जाऊ दे. पण नियम हाय की साहेब, ज्याचे जोड नापास त्याचे बाकीचे बी बघायचे. मग सतराचे सगळे बघा. आवारातले बघा, साखर कारखान्यातले गाळपाच्या आधी जाऊन बघा. दहातला एक न्हाई, सगळे.’

‘सगळे? अरे, किती फिल्म लागतील तुला कल्पना आहे?’

‘हाय. तुम्हीच शिकायला पाठवलाव.’

साहेब पाठ टेकून बसले. खुर्ची कुरकुरली. त्यांनी ‘हरिबाचं काय’ असं विचारलं नाही, आणि व्यंकटनं सांगितलं नाही, पण दोघांच्या मध्ये टेबलावर ते नाव ठेवल्यासारखं होतं. शेवटी व्यंकटच म्हणाला, ‘उस्तादला दीड महिना रजा द्या. बिदरला डोळ्याचं करून येतील. तवर त्यांच्या हातात रॉडचा होल्डर देऊ नका.’ साहेबांनी मान हलवली. एवढं त्यांना सोपं होतं.

आपण हे चांगुलपणानं केलं असं म्हणायला व्यंकटची जीभ रेटेना. बाहेर येऊन तो शेडच्या सावलीत उभा राहिला आणि वाट बघत राहिला की आता बरं वाटेल. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. नुसतं कानात आगीचा आवाज राहिला, भाजणारा की करपणारा ते न कळणारा.

पुढचे दोन महिने सतराचे जोड शोधून शोधून काढले गेले. आणखी पासष्ट निघाले. नागप्पा रोज नवी चिठ्ठी हातात घेऊन त्याच्याकडं यायचा, ‘काय रे बाबा, तुझ्या नंबरावर काय चेटूक केलंय कुणी? ह्याच्यापरीस नळ्या विकत आण की.’ रविवारी व्यंकट त्याच्या जोडीला बसून स्वतः ते दुरुस्त करायचा; आधी घासून पार उघडा करायचा, मग नव्यानं. शॉपमध्ये हवा झाली की व्यंकटचा हात गेला, शिकून शिकून गेला. त्यानं कुणाचं खोडून काढलं नाही. वेल्डरची परीक्षा त्याला परत द्यावी लागली: तिरक्या बांधलेल्या नळीभोवती, खाली वाकून, उलटं होऊन, साहेब आणि बाहेरून आलेला एक परीक्षक मागं उभे असताना. रॉड लावताना आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण कुठं जातोय ते दिसेना असं झालं. आगीच्या आत तो फिल्म बघत होता, अजून न निघालेली. हात वितळवत होता आणि डोकं काळी रेघ शोधत होतं. ओळीच्या टोकाला रॉड मागं घेताना तो थांबला, ते वळण घ्यावं की नाही याचा विचार करत, आणि विचार करता करता वळण होऊन गेलं. पास झाला. निकाल ऐकला तेव्हा तो शेजारच्या कुणाचा तरी ऐकल्यासारखा वाटला.

हरिबा ऑपरेशन करून आले, दोन्ही डोळ्यांचं, काळा चष्मा लावून. पहिल्या दिवशी ते सगळ्या शॉपमधनं फिरले, मोजायला आलेल्या पाहुण्यासारखे. ‘ही भिंत पिवळी हाय व्हय? मला वाटलं पांढरी.’ मग व्यंकटपाशी आले. तो एक नळी संपवून उठला होता. हरिबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, ओळीवर नखाएवढ्या अंतरावर डोळे नेले आणि बराच वेळ तसेच राहिले. व्यंकटनं नकळत हात मागं बांधले.

‘व्यंक्या,’ ते म्हणाले, ‘हा तुझा हात माझ्यासारखा न्हाईच की.’

‘म्हंजे?’

‘वळण माझं हाय. पण तू रॉड उजवीकडं दाबायलास. ओळीतल्या प्रत्येक घराला उजवी कड जाड. हे बघ. हे बघ. लै वरसं झाली बघून. अंधारात बी कळंल, इतकं येगळं हाय.’

व्यंकटनं बघितलं. दाखवल्यावर दिसलं, इतकं साफ दिसलं की आधी कसं दिसलं नाही याचंच नवल. ‘उस्ताद,’ तो म्हणाला, ‘ते मंगळवारचे तीन...’ आणि बोलता बोलताच थांबला. ते तीन नागप्पानं चिठ्ठी आली तेव्हाच घासले होते. त्यांचं लोखंड भुशासारखं उडून गेलं होतं, जमिनीवर झाडून टाकलं होतं. उरल्या होत्या त्या फिल्म, आणि फिल्ममध्ये आतलं दिसतं; उजवी कड जाड की डावी हे बाहेरचं असतं. हरिबांनीही तोच हिशोब मनात केला असावा. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘दाखव बघू,’ म्हणाले नाहीत. ‘गेलं ते,’ म्हणाले आणि आपल्या जागेकडं चालू लागले. आता टेबलाचा काठ त्यांनी हातानं शोधला नाही.

तर कुणी काय दिलं ते असं. श्रीनाथ साहेबांना वरून दोन खडे बोल ऐकावे लागले, फिल्म फार लागल्या म्हणून. पुढच्या वर्षी शिफारसपत्रावर सही करायला तेच असणार होते, म्हणजे त्यांचं काही अडलं नाही. हरिबांनी दीड महिन्याची रजा दिली आणि दोन डोळे घेतले, आणि उरलेले महिने असे जोड मारले की तिशीतल्या पोरांनी बघत राहावं. चार नंबर कोरा राहिला. सुशीलाबाईंची डाळ एकदाच निवडून व्हायला लागली. रेणुकानं आणखी एक वर्ष पहाटे तीनचा दिवा दिला, तिला कुणी विचारलं नव्हतं. बाकी सगळं व्यंकटकडून गेलं: वर्ष, नाव, आणि न बघता हात चालवण्याची जी एक निश्चिंती होती ती, ती सगळ्यांत महाग. सहा उस्तादचे हे माहीत असून त्यांचं मोल त्यानं दिलं आणि त्याचं त्याला दुःख नव्हतं. उरलेल्या तिन्ही जोडांचंही त्यानंच दिलं. ते उस्तादवर केलेले उपकार होते की आपलंच देणं आपण चुकतं केलं, आणि उस्तादसमोर मान वर ठेवायची की खाली, हे त्याला दर मंगळवारी मोठ्या नळीच्या अलीकडं बसताना नव्यानं ठरवावं लागे, आणि ठरत नसे.